गोड्या पाण्यातली मत्स्यशेती: सरकारी मदत घ्यायची तर कोणत्या क्रमाने पुढे जायचं

मत्स्यव्यवसाय कार्यालयाची पायरी चढणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: अनुदान किती? प्रश्न रास्त आहे, पण तो पाणी आणि जागेचा ताबा ठरल्यावर विचारायचा आहे. कारण अनुदान मागाहून येतं. आधी तळं खोदायचं, बिलं भागवायची, अधिकारी येऊन मोजमाप घेणार, फोटो काढणार, मग हप्ता खात्यावर पडणार. तोवर खिशातला किंवा बँकेचा पैसा अडकलेला असतो. ज्यांचं गणित ‘अनुदान आलं की त्यातून मत्स्यबीज घेऊ’ असं असतं, त्यांची तळी श्रावणात पाण्याने भरलेली आणि माशांवाचून रिकामी दिसतात. म्हणून या लेखाचा क्रम असा: पाणी, ताबा, पैसा, कागद, मंजुरी, मासे, विक्री. नियम देशभराचे आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

पाणी किती महिने टिकतं?

कटला, रोहू, मृगळ हे आपले मुख्य मासे. चांगलं बीज, वेळेवर खाद्य आणि दीड ते दोन मीटर पाणी मिळालं, तर दहा-बारा महिन्यांत ते किलोच्या आसपास भरतात. आता आपल्याकडचं पावसाळ्याचं वेळापत्रक पाहा. जूनअखेर पाऊस लागतो, तळं भरायला जुलै-ऑगस्ट उजाडतो आणि मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगरच्या पट्ट्यात मार्च आला की तळ उघडा पडायला लागतो. म्हणजे हातात सात-आठ महिने. एवढ्या काळात जिऱ्याएवढं बीज सोडून बाजारात चालणारा मासा मिळत नाही. त्यासाठी मोठी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, किंवा गेल्या वर्षीची राखून ठेवलेली पिल्लं, ज्यांना इयरलिंग म्हणतात, ती सोडावी लागतात. हे ठरलं की बीजाचा खर्च ठरतो, आणि तो ठरल्याशिवाय प्रकल्प अहवालाला अर्थ नाही.

शेजारी विहीर, बोअर किंवा कालव्याचं पाणी असेल आणि मे महिन्यातही तळ्यात दीड मीटर पाणी राखता येत असेल, तर तुमची जागा पहिल्या प्रतीची. पण त्याच विहिरीवर डाळिंब, ऊस किंवा संत्र्याची बागही अवलंबून असेल, तर एप्रिलमध्ये पाणी कोणाला, मासळीला की झाडाला, याचा निर्णय घरात आधी झालेला बरा. तेव्हा झाड जिंकतं, हे गृहीत धरून चाला.

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. दोन-तीन फूट खोलीची ओली माती मुठीत घट्ट दाबून गोळा करायचा, वर फेकून झेलायचा. फुटला नाही तर मातीत चिकण पुरेशी आहे. दुसरी खात्री म्हणजे तीन फुटांचा खड्डा खणून संध्याकाळी काठोकाठ भरायचा आणि सकाळी पाहायचा. पहिल्या रात्री माती पाणी पिते, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा भरून पाहिलेला आकडा खरा. काळ्या जमिनीत पाणी चांगलं टिकतं. मुरमाड जमिनीत आणि कोकणच्या जांभ्यात ते झिरपतं. कोकणात त्यात भर म्हणून माती आम्लधर्मी असते, त्यामुळे चुन्याचा खर्च वाढतो.

तळं कोणाचं?

स्वतःच्या गटात नवं तळं खोदणार असाल तर मामला सरळ आहे: सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा. सातबाऱ्यावर भावकीतली चार नावं असतील तर सगळ्यांचं संमतीपत्र लागतं, आणि ते मिळवायला कधीकधी तळं खोदण्यापेक्षा जास्त दिवस जातात. ते काम आधी सुरू करा. जमीन भाड्याने घेणार असाल तर करार नोंदणीकृत आणि दीर्घ मुदतीचा हवा. दरवर्षी तोंडी वाढवायच्या कराराला ना खातं विचारतं, ना बँक.

आधीच खोदलेलं शेततळं असेल तर ते कोणत्या योजनेतून खोदलं ते स्पष्ट सांगा. ‘मागेल त्याला शेततळे’मधून किंवा रोजगार हमीतून खोदाईचे पैसे घेतले असतील, तर त्याच खोदाईवर दुसरं अनुदान मागू नका. अर्जासोबत तसं हमीपत्र द्यावं लागतं आणि ते खोटं निघालं तर वसुली होते.

गावतळं, पाझर तलाव, लघुपाटबंधारे तलाव ही सार्वजनिक पाणी आहेत. त्यांत मासे पाळायचा हक्क ठेक्याने मिळतो आणि नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थांना त्यात प्राधान्य असतं. तलाव ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की जलसंपदा खात्याचा, हे आधी शोधून काढा. पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या गावांमध्ये १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे सोपवलं आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या गावांनी ग्रामसभेचा ठराव हाच पहिला कागद मानावा. भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी आहेत, त्यांवर ढिवर समाजाच्या संस्था पिढ्यानपिढ्या मासेमारी करत आल्या आहेत. अशा ठिकाणी एकट्याने घुसण्यापेक्षा संस्थेचं सभासद होणं शहाणपणाचं. नाहीतर पहिल्याच हंगामात तक्रार होते आणि मग मासे काढायचे कोणी, यावर गाव दोन बाजूंना उभं राहतं.

पैसा: कोणत्या योजनेतून, किती

गेल्या काही वर्षांत मत्स्यशेतीसाठी सगळ्यात मोठा स्रोत ठरली ती प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना. १० सप्टेंबर २०२० ला ती सुरू झाली, एकूण गुंतवणूक २०,०५० कोटी रुपयांची. मूळ मुदत २०२०-२१ ते २०२४-२५. नंतर ती २०२५-२६ पर्यंत वाढवली. त्याआधी २०१५-१६ पासून नीलक्रांती योजना होती. योजनांची नावं आणि मुदती अशा बदलत राहतात, पण मदतीचा साचा फारसा बदलत नाही. म्हणून आधी साचा समजून घ्या आणि कार्यालयात गेल्यावर ‘चालू वर्षाचं लक्ष्य कोणत्या योजनेत, किती शिल्लक आहे?’ असं विचारा. ‘ती मत्स्य संपदा चालू आहे का हो?’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर मिळतं आणि माणूस परत फिरतो.

साचा असा. सरकार प्रत्येक कामाची एक प्रमाण किंमत ठरवतं, तिला युनिट कॉस्ट म्हणतात. सर्वसाधारण प्रवर्गाला तिच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान. प्रत्यक्षात खर्च जास्त झाला तरी अनुदान प्रमाण किमतीवरच मोजतात. कमी झाला तर कमी खर्चावर. अनुदानाच्या रकमेत महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो. हे दोन वाटे वेगवेगळ्या दारांनी येतात, आणि हप्ता रेंगाळण्याचं एक कारण तिथेच आहे.

मत्स्य संपदेत गोड्या पाण्याचं नवं संवर्धन तळं हेक्टरी ७ लाख रुपये धरलं आहे आणि पहिल्या वर्षीच्या निविष्ठा, म्हणजे बीज, खाद्य, खत वगैरे, हेक्टरी ४ लाख. एकरभर, म्हणजे ०.४ हेक्टर तळ्याचा हिशेब मांडू. खोदाई २ लाख ८० हजार, निविष्ठा १ लाख ६० हजार, एकूण ४ लाख ४० हजार. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्यात १ लाख ७६ हजार मिळतील, महिला लाभार्थीला २ लाख ६४ हजार. उरलेले अनुक्रमे २ लाख ६४ हजार आणि १ लाख ७६ हजार घरचे किंवा कर्जाचे. निविष्ठांची मदत एकदाच आहे. दुसऱ्या वर्षी खाद्य तुमच्याच पैशाने येणार. एका व्यक्तीला तळ्यासाठी मर्यादा २ हेक्टरची.

६० टक्क्यांचा आकडा पाहून पुष्कळ घरांत बायकोच्या नावाने अर्ज करायचं ठरतं. अवश्य करा, पण अर्जावरचं नाव आणि जमिनीवरचं नाव जुळलं पाहिजे. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायला महसूल खात्याची लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तलाठ्याकडे अर्ज केला की प्रक्रिया सुरू होते. मात्र नाव तिचं लावलं तर प्रशिक्षणाला तीच जावी, बँकेत सही तिचीच असावी आणि तपासणीला अधिकारी आल्यावर तळ्याविषयी चार वाक्यं तिने बोलावीत. एरवी नाव तिचं आणि कारभार दुसऱ्याचा, हे पहिल्या भेटीत उघडं पडतं. शिवाय घराचा खरा हिशेब तिच्याच हाती गेला तर तळं बहुधा जास्त नीट चालतं, असं माझं मत आहे.

तळ्यापलीकडच्या बाबीही पाहून ठेवा. गोड्या पाण्यातल्या मत्स्यबीज केंद्राची प्रमाण किंमत २५ लाख, रोज २ टन क्षमतेच्या लहान खाद्य कारखान्याची ३० लाख, जलाशयात मासे वाढवायच्या जाळीच्या एका पिंजऱ्याची ३ लाख. पिंजऱ्यासाठी जलाशयाचा हक्क लागतो, त्यामुळे ते काम एकट्यादुकट्याने न करता संस्थेने करावं. मोठ्या पायाभूत कामांसाठी २०१८-१९ मध्ये स्थापन झालेला मत्स्यव्यवसाय पायाभूत सुविधा विकास निधीही आहे. त्यातून अनुदान मिळत नाही, कर्जाच्या व्याजात ३ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. एक-दोन एकरवाल्याला त्याचा थेट उपयोग नाही.

राज्याच्या पातळीवर एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला. मत्स्यशेतकऱ्याला शेतकऱ्याप्रमाणे वीजदर, कर्ज आणि विमा मिळावा हा त्याचा गाभा. पंपाला किंवा पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरला नवी जोडणी घेताना त्या निर्णयाची प्रत अर्जाला जोडा. खालच्या कार्यालयात निर्णय पोहोचायला वेळ लागतो.

बायोफ्लॉकबद्दल थोडं स्पष्ट

मोबाइलवर गोल ताडपत्रीच्या टाक्यांचे व्हिडिओ पाहून पुष्कळ तरुण थेट बायोफ्लॉकची, म्हणजे टाकीत दाट मासे ठेवून सूक्ष्मजीवांकडून पाणी स्वच्छ राखायच्या पद्धतीची, फाइल घेऊन येतात. त्यालाही योजनेत जागा आहे: सात टाक्यांच्या लहान युनिटची प्रमाण किंमत साडेसात लाख, पंचवीस टाक्यांच्या मध्यम युनिटची २५ लाख. पाणी फिरवून पुन्हा वापरणाऱ्या आरएएस पद्धतीचंही तसंच आहे. तंत्र खोटं नाही. पण टाकीत मासळी इतकी दाट असते की हवा सोडणारा ब्लोअर काही तास बंद पडला तरी सगळा माल उलटा तरंगतो. आपल्या गावातलं भारनियमन, जनरेटरचं डिझेल, रोज अमोनिया आणि सामू (पीएच) तपासायची शिस्त आणि टाकीतला मासा विकायचं गिऱ्हाईक, या चारांचं उत्तर हातात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. ‘फाइल आमची, अनुदान तुमचं’ असं म्हणत टाक्या विकणारे एजंट त्या चार प्रश्नांवर गप्प बसतात. पहिली दोन वर्षं मातीच्या तळ्यात हात बसू द्या, असाच सल्ला मी देईन.

अर्जाआधी: प्रशिक्षण, नोंदणी, कागद

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फाइलमध्ये जोडायला उपयोगी आहेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे तिथे चालतं तळं पाहायला मिळतं. तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, नागपूर आणि उदगीरची मत्स्यविज्ञान महाविद्यालयं, रत्नागिरीजवळ शिरगावचं महाविद्यालय, ही विचारण्याची ठिकाणं. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगेला गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, जयंती रोहू ही लवकर वाढणारी सुधारित जात तिथली.

राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी करून घ्या. प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सहयोजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली, ६,००० कोटींची, २०२३-२४ ते २०२६-२७ अशी मुदत. तिच्यातून हा मंच सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं घेऊन गावच्या सीएससी केंद्रावर जा, नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. विम्याच्या प्रोत्साहनाला ते लागतं.

फाइलमध्ये साधारण हे असतं: आधार, पॅन, पासबुकाची प्रत, सातबारा, आठ अ, नकाशा, लागू असेल तर जातीचा दाखला, संमतीपत्रं किंवा भाडेकरार, पाण्याच्या स्रोताचा पुरावा, खोदाईचं अंदाजपत्रक, यंत्रांची दरपत्रकं, यापूर्वी याच कामाला लाभ न घेतल्याचं हमीपत्र आणि प्रकल्प अहवाल. नावाच्या स्पेलिंगकडे लक्ष द्या. आधारवर एक, पासबुकात दुसरं आणि सातबाऱ्यावर ‘ऊर्फ’ लावून तिसरं, असं असेल तर हप्ता नेमका शेवटच्या टप्प्यावर अडतो.

प्रकल्प अहवाल विकत आणू नका. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या अहवालात तळं दुसऱ्याच जिल्ह्यातलं आणि उत्पादन हेक्टरी दहा टन असतं. साध्या मिश्र संवर्धनात, म्हणजे कटला, रोहू, मृगळ एकत्र वाढवताना, हेक्टरी तीन-चार टन हे चांगलं काम समजा. तुमचं पाणी किती महिने, किती बोटुकली सोडणार, जगणार किती, खाद्य किती टन, मासळी कोणत्या बाजारात जाणार, आणि अनुदान एक वर्ष आलंच नाही तर कर्जाचा हप्ता कशातून, एवढं चार पानांत आलं की अहवाल झाला. शेवटचा प्रश्न फॉर्ममध्ये नसतो, तो स्वतःसाठी लिहा.

अर्ज आणि मंजुरी

अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जातो. छाननी होते, जागेची पाहणी होते, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीपुढे प्रस्ताव येतो. अर्ज देताना पोच घ्या: तारीख, आवक क्रमांक, शिक्का. तोंडी ‘ठेवून जा’ यावर विसंबू नका.

आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान करणारी घाई होते. उन्हाळ्यात जेसीबी स्वस्तात मिळतो म्हणून लोक मंजुरीआधी खोदून टाकतात. मंजुरीच्या आदेशाआधी सुरू झालेलं काम अनुदानाला पात्र धरलं जात नाही, कारण कोऱ्या जागेचा फोटोच फाइलमध्ये नसतो. मंजुरी लेखी हातात आली की आधी मोकळ्या जागेचे, मग खोदाई चालू असतानाचे आणि शेवटी पूर्ण झालेल्या तळ्याचे फोटो घ्या, ठिकाण आणि तारीख फोटोवर उमटेल अशा ॲपने. जेसीबीवाल्याला रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि पक्कं बिल घ्या. बिल देत नाही म्हणाला तर दुसरा जेसीबी शोधा.

अनुदान टप्प्याटप्प्याने, काम झाल्याचं मोजमाप पाहून मिळतं. मोजमापाला येणाऱ्या अधिकाऱ्याला फोन करून दिवस ठरवून घ्या. पावसाळा लागून तळं भरलं की खोली मोजता येत नाही आणि फाइल पुढच्या उन्हाळ्यावर जाते.

मधल्या काळाचा पैसा: किसान क्रेडिट कार्ड

मत्स्यशेतकऱ्यांना किसान क्रेडिट कार्ड (केसीसी) २०१८-१९ पासून खुलं झालं. रिझर्व्ह बँकेचं त्याबाबतचं परिपत्रक ४ फेब्रुवारी २०१९ चं आहे. तारीख लक्षात ठेवा, कारण ‘माशाला केसीसी नसतं’ असं सांगणारे शाखाधिकारी अजून भेटतात. हे कर्ज तळं खोदायला नसून चालवायला आहे: बीज, खाद्य, चुना, वीज, मजुरी, बर्फ, वाहतूक. मालक, भाडेकरू, बचत गट आणि एकमेकांच्या हमीवर कर्ज घेणारे संयुक्त देयता गट, सगळे पात्र आहेत. २ लाखांपर्यंतच्या रकमेवर सवलतीचा ७ टक्के व्याजदर आणि वेळेवर फेडल्यास आणखी ३ टक्के सूट, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाची तारणाविना मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाखांवर गेली आहे.

पीककर्ज आधीच असेल तर त्याच कार्डात मत्स्यशेतीची मर्यादा जोडून मागा. हेक्टरी किती रक्कम द्यायची ते जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. तो दर सहायक आयुक्त कार्यालयातून लिहून घेऊन बँकेत जा. फेडीची तारीख मासे काढण्याच्या महिन्यानंतरची मागा. जुलैत कर्ज आणि मार्चमध्ये फेड असं ठरलं आणि मासा मेमध्ये काढायचा असेल, तर तीन टक्क्यांची सूट हातची जाते.

तळं भरण्याआधीची तयारी आणि बीज

हे लेखाचं मुख्य सूत्र नव्हे, पण अनुदान घेऊन तळी ओस पडतात ती इथेच.

नव्या तळ्यात तळावर चुना पसरा, साधारण हेक्टरी २०० ते ५०० किलो, आम्ल मातीत वरच्या अंगाने. मग शेणखत. पाण्याला फिकट हिरवा रंग चढला की नैसर्गिक खाद्य तयार झालं. कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसेल, इतका गढूळपणा पुरे. जुन्या तळ्यात मरळ, शिंगी, वांब असतात, त्या नव्या बीजावर ताव मारतात. पाणी पूर्ण काढता येत नसेल तर हेक्टर-मीटर, म्हणजे एक हेक्टरवर एक मीटर खोल पाण्याला २,५०० किलो मोहाची पेंड टाकतात. तिचं विष उतरायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि पुढे तिचंच खत होतं. त्याआधी बीज सोडलं तर बीजही मरतं.

बीजाची मागणी मे-जूनमध्ये नोंदवा. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली, या क्रमाने आकार वाढतो आणि भाव वाढतो. स्वस्त पडतं म्हणून जिरे आणून थेट मोठ्या तळ्यात सोडणं म्हणजे मरळ आणि बगळ्यांना जेवण घालणं. सरकारी मत्स्यबीज केंद्रावर आधी चौकशी करा. बंगालहून रेल्वेने येणारं बीज सगळीकडे मिळतं, पण प्रवासात दमलेलं असतं. पिशवी उघडून पोहण्याची चपळाई पाहा आणि वाटीने मोजून घेताना एक वाटी समोर मोजायला लावा. पावती घ्याच, ती निविष्ठा अनुदानाला लागते. थाई मागूर कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे. तिलापियासाठी वेगळी परवानगी लागते.

हेक्टरी आठ ते दहा हजार बोटुकल्या, कटला ३, रोहू ४, मृगळ ३ हे जुनं आणि खात्रीचं प्रमाण. गवत फुकट मिळत असेल तर थोडे गवत्ये (ग्रास कार्प), पाणी लवकर आटत असेल तर सायप्रिनसचा (कॉमन कार्प) वाटा वाढवा. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात या हिशेबाने सातशे ते नऊशे बोटुकल्या पुरतात. लोक तीन हजार सोडतात आणि वर्षाअखेर वीतभर मासे काढतात. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाची माती नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी, म्हणून बाहेरचं जास्त. आणि तिथे काठावर दोर व हवा भरलेली ट्यूब बांधल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. ते प्लॅस्टिक शेवाळाने इतकं निसरडं होतं की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

बीज सकाळी लवकर सोडा. पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या आणि पिलांना आपणहून बाहेर जाऊ द्या. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समभाग, माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते पाच टक्के, लहानपणी जास्त आणि पुढे कमी. सच्छिद्र पोत्यात घालून टांगलं की वाया किती गेलं ते कळतं. महिन्यातून एकदा जाळं ओढून वीस-पंचवीस मासे तोलून वहीत लिहा. ही वही तपासणीला, बँकेला आणि विमा कंपनीला, तिघांनाही दाखवायची असते. ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले तर प्राणवायू संपत आला आहे: खाद्य आणि शेण ताबडतोब बंद, पंपाने ताजं पाणी वरून फवारायचं. हिवाळ्यात अंगावर लाल व्रण दिसले तर भुवनेश्वरच्या त्याच संस्थेने तयार केलेलं सीफॅक्स हे औषध टाकायचं, हेक्टर-मीटर पाण्याला एक लिटर.

विमा

मत्स्य किसान समृद्धी सहयोजनेत चार हेक्टरपर्यंतच्या तळ्यांच्या विमा हप्त्यावर ४० टक्के एकदाच मिळणारं प्रोत्साहन आहे. मर्यादा हेक्टरी २५ हजार, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त १ लाख. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना त्या प्रोत्साहनावर आणखी १० टक्के. पॉलिसी घेताना पूर, वीज खंडित होणं, रोग आणि विषबाधा यांतलं नेमकं काय धरलं आहे ते मराठीत समजावून मागा. पुरात बांध फुटून मासे वाहून जाणं हा आपल्याकडचा खरा धोका, तो वगळलेला असेल तर पॉलिसी फारशी कामाची नाही.

माणसाचा विमा वेगळा. मत्स्य संपदेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. संस्थेच्या सभासदांनी आपलं नाव यादीत गेलं का ते दरवर्षी सचिवाला विचारावं.

विक्री

एकरभर तळ्यातून एकाच दिवशी हजार-बाराशे किलो मासळी काढली तर व्यापारी भाव पाडणारच, कारण संध्याकाळपर्यंत ती कुठेतरी टेकवायची आहे हे त्याला माहीत असतं. डिसेंबरपासून मोठे मासे निवडून थोडे थोडे काढा, लहानांना वाढायला जागाही होते. आसपासच्या आठवडी बाजारांचे वार लिहून त्यावरून जाळं टाकायचे दिवस ठरवा.

इथे मला सगळ्यात जास्त आवडणारी आणि सगळ्यात कमी मागितली जाणारी बाब सांगतो: बर्फपेटी लावलेली मोटारसायकल. प्रमाण किंमत ७५ हजार. सर्वसाधारणाला ३० हजार, महिलांना ४५ हजार अनुदान. बर्फपेटीच्या सायकलीची किंमत १० हजार, तीनचाकीची ३ लाख आणि मासळीच्या टपरीची १० लाख धरली आहे. ज्या गावात चार तळी आहेत तिथे पाचव्या तळ्याचा अर्ज करण्यापेक्षा एकाने गाडीचा अर्ज केला, तर चौघांच्या किलोमागे पडणाऱ्या भावात फरक दिसतो. तळ्याला जमीन लागते, गाडीला लागत नाही; भूमिहीन कुटुंबातल्या, आधीपासून पाटीत मासळी विकणाऱ्या बाईने हा अर्ज सगळ्यात आधी करावा.

विक्रीचे पैसे शक्य तेवढे केसीसीच्या खात्यावर जमा करा. वर्षअखेरी शाखेत मर्यादा वाढवून मागताना तोंडी उत्पन्नापेक्षा पासबुकातल्या नोंदी चालतात. पाणी आटलं की तळाचा गाळ काढून बांधावरच्या भाजीपाल्याला टाका, तळ उन्हात भेगा पडेपर्यंत तापू द्या आणि पुढच्या बीजाची मागणी पुन्हा मे महिन्यातच नोंदवा.